उजनीकाठच्या मॉरिसची हकिगत

भवानी पेठ, सोलापूर
चैत्रातला रविवार, दुकान बंद

श्री. शिवानंदराव यांस,

मृत्युंजयचे शरणू शरणार्थ. (सध्या निम्मेच पाठवतोय. उरलेले निम्मे तुम्ही माफी मागाल तेव्हा.) तुमची प्रकृती उत्तम असणारच. दुसऱ्याला पाण्यात ढकलून स्वतः काठावर उभं राहणाऱ्या माणसाची प्रकृती बिघडल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. महेश्वरी बरी आहे ना? तिला म्हणावं, तुझी अक्का लई मजेत आहे. तुझे भावजीही मजेत आहेत असं अक्काच सगळ्यांना सांगते, तेव्हा ते खरंच असलं पाहिजे. नातेपुत्यात ऊन कसं आहे? आमच्याकडं दुपारी गल्लीतलं कुत्रंसुद्धा दुकानात येऊन चादरींच्या गठ्ठ्यावर झोपतं आणि मी त्याला हाकलत नाही, कारण दिवसभरात तेवढं एकच गिऱ्हाईक येतं.

आजच्या काळात कागदावर पत्र का, असं तुम्ही विचाराल. फोनवर बोललो तर आमच्या घरात भिंतींना नाही, थेट धनलक्ष्मीला ऐकू येतं. व्हॉट्सॲपवर लिहिलं तर माझा फोन दिवसभर गल्ल्यावर पडलेला असतो आणि त्याचा पासवर्ड ती ठरवते. म्हणून हे कागद.

आता मूळ विषय. संक्रांतीला तुम्ही आमच्याकडं आला होता. गड्ड्याच्या यात्रेत फिरून पाय दुखले म्हणून माझ्या गादीवर आडवे झालात, धनलक्ष्मीच्या हातच्या शेंगापोळ्या पोटात रिचवल्या आणि छताकडं बघत म्हणालात, "मृत्युंजयराव, माणसाला एक छंद पाहिजे." एवढं बोलून तुम्ही गप्प झोपला असता तर तुमचं काय बिघडलं असतं? पण नाही. नातेपुत्याला पोचल्या पोचल्या तुम्ही मला एका मोटारीचा फोटो पाठवला. उजनीच्या काठावर, पत्र्याच्या शेडखाली, गोल पाठीची, बेडकासारख्या डोळ्यांची जुनी मॉरिस मायनर. खाली तुमची टीप : 'विकायची आहे. बघा, अगदी तुमच्यासारखी. बसून असली तरी घडण चांगली आहे.' मोटर-पंप विकणाऱ्या माणसाच्या अंगात एवढं काव्य असतं हे मला ठाऊक नव्हतं. पंप घेणाऱ्या शेतकऱ्यांनाही असंच काही बोलता का हो?

तेव्हापासून माझी झोप गेली. रोज यूट्यूबवर परदेशातली माणसं गंजलेल्या गाड्या नव्या करताना बघू लागलो. त्या माणसांचे हात इतके स्वच्छ असतात की ते गाडी दुरुस्त करतायत की पूजेला बसलेत ते कळत नाही. पहिल्या मिनिटाला गंज, विसाव्या मिनिटाला लखलखाट आणि मधे एकदाही बायको येऊन 'जेवायला येताय का ताट झाकून ठेवू' असं विचारत नाही. मी पेठेत चार लोकांचं मत घ्यायचं ठरवलं. (ही माझी चूक. भवानी पेठेत मत मागावं लागत नाही, चालत येतं.) एकानं सांगितलं, जुनी गाडी म्हणजे सोनं. दुसऱ्यानं सांगितलं, मग सोनंच घ्या की. समोरच्या किराणावाल्यानं फोटो लांब धरून, जवळ धरून, चष्मा काढून पाहिला आणि यात गुळाची ढेप बसेल का एवढंच विचारलं. धनलक्ष्मीचं मत मी मागितलं नव्हतं. ती म्हणाली, "मोरीतला नळ तुम्ही दिवाळीत दुरुस्तीला घेतलाय. आधी तो गळायचा थांबू दे, मग मोटार."

मला पाठिंबा देणारा एकच माणूस निघाला, आमचा रज्जाक. तुम्ही त्याला पाहिलंय, विजापूर रोडला ज्याचं गॅरेज आहे तो. माणूस सोन्यासारखा, पण त्याच्या तोंडातून आजवर 'नाही' हा शब्द आलेला नाही. फोटो बघून तो म्हणाला, "होतंय की शेठ." इंजिन जाम असेल तर? होतंय की. पार्ट मिळत नसतील तर? होतंय की. सगळा पत्राच कुजला असेल तर? "मग तर लई सोपं शेठ, सगळं नवीनच करायचं." एवढा मोठा आधार मिळाल्यावर मी काय करणार? बघून तर येऊ, घ्यायची कुठं आहे, असं घरात जाहीर केलं. धनलक्ष्मीनं ते ऐकलं, शेंगाचटणीचा डबा भरला आणि म्हणाली, मीपण येते. ती कशाला येतेय ते तिला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं आणि आमच्या गाडीत मागच्या सीटवर हवेचा पंप मांडीवर घेऊन बसलेल्या रज्जाकलाही ठाऊक होतं. माझ्या हाताला धरून तिला मला परत आणायचं होतं.

टेंभुर्णीच्या पुढं आत वळलं की केळीच्या बागा लागतात आणि त्या संपल्या की एकदम पाणीच. तिथं ताबीश नावाच्या तरुणाचं मासळीचं हॉटेल आहे. हिवाळ्यात रोहित पक्षी बघायला पुण्याची मंडळी येतात, ती पक्षी बघतात आणि मासे खातात. त्यामुळं ताबीशचं बरं चाललंय. मॉरिस त्याच्या आईची. ताबीशचा बेत असा की गाडीला गुलाबी रंग द्यायचा, सिमेंटच्या चौथऱ्यावर चढवायची, भोवती बल्बच्या माळा सोडायच्या आणि 'सेल्फी पॉईंट' अशी पाटी लावायची. "काका, रील बनवायला पब्लिक येडी होईल," असं तो मला डोळे मिटून सांगत होता. पण आई ऐकत नव्हती. कुणी चांगलं गिऱ्हाईक आलं तर विकीन, पण बाहुली करून ठेवू देणार न्हाय, असा तिचा हट्ट. ते चांगलं गिऱ्हाईक म्हणजे मी, हे सांगायला नको. मी तसा इस्त्रीचा शर्ट घातला होता.

गाडीविषयी थोडं. फोटोत जी दिसली ती डावी बाजू. उजवी बाजू फोटोत का नव्हती ते उजवीकडं गेल्यावर कळलं. मागच्या सीटवर एक कोंबडी अंड्यांवर बसली होती आणि आपल्या घरात ही कोण माणसं, अशा नजरेनं तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी दार उघडलं तर मूठ हातात आली. ती मी हळूच खिशात ठेवली, तर ताबीश म्हणाला, असू द्या काका, ती सगळ्यांच्याच हातात येते. रज्जाकनं बॉनेट उघडून आत डोकं घातलं आणि आतून आवाज आला, "होतंय की." मग त्यानं चाकांत हवा भरली. तीन चाकांनी ती लगेच धरली, चौथ्यानं थोडा विचार करून धरली.

तेवढ्यात अकबरीआपा आल्या. ताबीशची आई. पंचाहत्तरीच्या, बारीक अंगाच्या, डोक्यावर पांढरी ओढणी, आणि नजर अशी की कुणी न सांगता मला माझा शर्ट पँटीत नीट खोचावासा वाटला. मला वाटलं होतं मी गाडीची परीक्षा घ्यायला आलोय. पाच मिनिटांत कळलं की परीक्षा माझी आहे आणि मी अभ्यास केलेला नाही.

"घेऊन काय करणार तुमी?" त्यांनी विचारलं.

मी यूट्यूबवर पाठ केलेलं भाषण दिलं. जुना वारसा, त्याचं जतन, पुढच्या पिढीची जबाबदारी. बोलता बोलता मला स्वतःचाच आदर वाटू लागला. ताबीश फोनवर माझं शूटिंग करत होता.

"जतन म्हंजी काय? हुबी करून ठेवणार?"

"छे, छे. चालवणार."

"मग चालवून दावा की."

मी म्हटलं, इंजिन बंद आहे. त्या म्हणाल्या, "इंजिन बंद हाय म्हणून काय झालं? स्टेरिंग तर फिरतंय न्हवं? पोरं ढकलतील. शेडातनं भाईर काढा, वळवा आन् परत लावा. गाडी सांबाळणारा मानूस हाय का न्हाय ते मला बघू द्या."

शिवानंदराव, माणसानं अशा वेळी पोटात दुखतंय म्हणावं. पण धनलक्ष्मी शेडच्या खांबाला टेकून उभी होती आणि ती किंचित हसली. त्या हसण्यापायी मी स्टेअरिंगमागं बसलो. हॉटेलातले वाढपी आणि ताबीश मागून ढकलू लागले. गाडी हलली! खरं सांगतो, त्या क्षणी मला राजा झाल्यासारखं वाटलं. मी एक कोपर खिडकीतून बाहेरसुद्धा काढलं. मात्र शेडच्या बाहेर जमीन पाण्याकडं उतरती आहे, ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. (ती समोर दिसत होती, असं धनलक्ष्मीचं म्हणणं आहे.) ढकलणारे मागं राहिले आणि गाडी पुढं निघाली. ब्रेक दाबला तर पाय थेट तळाला. हँडब्रेक ओढला तर तो दाराच्या मुठीसारखाच निघाला, म्हणजे हातात आला. मागची कोंबडी माझ्या डोक्यावरून उडून खिडकीतून बाहेर पडली. तिला परिस्थिती माझ्याआधी समजली होती. केळीची दोन झाडं आडवी करून, वाळत घातलेलं मासळीचं जाळं तोंडावर घेऊन, मी आणि मॉरिस उजनीच्या पाण्यात शिरलो. लांबवर रोहित पक्ष्यांचा थवा होता तो एकदम उडाला. पक्षी बघायला आलेल्या पुण्याच्या मंडळींनी पक्ष्यांकडं पाठ फिरवली आणि दुर्बिणी माझ्याकडं वळवल्या.

पुढची चाकं चिखलात रुतली म्हणून वाचलो. दार उघडून उतरलो तो गुडघाभर गाळात. एक चप्पल अजून तिथंच आहे. काठावर सगळे हसत होते, रज्जाकसुद्धा. फक्त अकबरीआपा हसत नव्हत्या. त्या पाण्यापर्यंत चालत आल्या, गाडीच्या बॉनेटवर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "ह्याच पान्यातनं काढून आणली हुती मी हिला. तुमी परत पान्यात घातली."

मग ती गोष्ट कळली. आपांचं जुनं गाव आता धरणाखाली आहे. धरण होत होतं तेव्हा तिथल्या एका बदली झालेल्या इंजिनिअरकडून त्यांच्या मालकांनी ही गाडी घेतली. मालक ट्रकवर असायचे, बाहेरगावी. ज्या पावसाळ्यात पाणी चढायला लागलं, त्या पावसाळ्यात गावात पुरुषमाणूस कमी आणि वाहन एकच, हे. आपांनी त्या इंजिनिअरच्या ड्रायव्हरकडून चोरून गाडी शिकून घेतली होती. त्या खेपा मारत राहिल्या. लोकांची दळायची जाती, दारांच्या चौकटी, बाळंतीण, शेळ्या, कुणाच्या देवघरातले देव, मशिदीतल्या चटया, सगळं या गाडीतून वर आलं. शेवटच्या खेपेला चाकं पाण्यात होती, असं त्या सांगत होत्या. मी गाळात उभा राहून ऐकत होतो आणि माझ्या एका हातात हँडब्रेक होता. तो कुठं ठेवावा ते कळेना.

ताबीशनं शेजारच्या मळ्यातून उसाचा ट्रॅक्टर आणला. दोर बांधला. कुणीतरी आत बसून स्टेअरिंग धरायला हवं होतं. मी पाऊल उचललं तर आपा म्हणाल्या, "तुमी ऱ्हावा तितंच."

मग काय झालं, ते मी स्वतः पाहिलं नसतं तर मलाही पटलं नसतं. धनलक्ष्मीनं पदर कमरेला खोचला, चपला काठावर नीट जोडीनं काढून ठेवल्या, पाण्यातून चालत गेली आणि स्टेअरिंगमागं बसली. ट्रॅक्टरवाल्याला म्हणाली, "हिसका देऊ नका ओ. दोर ताणला की थांबा, मग सावकाश." मान वळवून मागं बघत, एका हातानं स्टेअरिंग फिरवत, तिनं ती गाडी उलटी चढावरून नेली आणि शेडच्या दोन खांबांच्या बरोबर मधोमध उभी केली. कोंबडी चालत आली आणि परत आत जाऊन बसली.

आपांनी तिला विचारलं, "कुणी शिकवलं?"

"क्लास लावला होता. सात रस्ता चौकात."

"घरात म्हाईत हाय?"

धनलक्ष्मीनं माझ्याकडं पाहिलं. "आता झालं."

तर शिवानंदराव, वर्षभर बायको गुरुवारी भजनाला जाते असं मी समजत होतो. भजनाहून आल्यावर तिच्या पदराला पेट्रोलचा वास यायचा, तेव्हा मला वाटायचं देवळात धूप बदलला असेल. मी तिला विचारलं, चोरून कशाला? ती म्हणाली, "तुम्ही शिकवतो म्हणाला असता. मग आज आपण दोघं एकमेकांशी बोलत नसतो."

आपा मात्र खूश झाल्या. "माझ्या मालकालाबी असंच पान्याच्या येळंला कळलं," असं म्हणून पहिल्यांदा खळखळून हसल्या. दोघी आत जाऊन बसल्या. कडक भाकरी, आमची शेंगाचटणी आणि तळलेले मासे (धनलक्ष्मी मासे खात नाही, पण वास घेत ती तासभर तिथं बसली, आणि घरी मी अंडं आणलं तर गॅलरीत उकडावं लागतं). निकाल असा लागला की गाडी विकायची, पण मला नाही. "ह्यांना न्हाय देणार. बाई, तुला देईन." एकच अट. मे महिन्यात धरणाचं पाणी उतरलं की जुन्या गावाचा रस्ता उघडा पडतो. त्या रस्त्यावरून आपांना एकदा या गाडीतून न्यायचं.

परत येताना आमची गाडी धनलक्ष्मीनं चालवली. मोहोळपर्यंत मी तिनं टाकलेले गिअर मोजत बसलो. मोहोळनंतर आम्ही भांडलो, आणि गंमत बघा, दोघांनी एकमेकांची भाषणं अदलाबदल करून म्हटली. मी म्हणालो जागा कुठं आहे, खर्च कोण करणार, मोरीतला नळ अजून गळतोय. ती म्हणाली जुना वारसा, त्याचं जतन, पुढच्या पिढीची जबाबदारी. माझंच भाषण, पण तिच्या तोंडी ते पटण्यासारखं वाटत होतं, हे जास्त लागलं. शेवटी मी मागच्या सीटवर वळून विचारलं, रज्जाक, तूच सांग, हा वेडेपणा टाळता येईल का? तो म्हणाला, "होतंय की." पण बघत होता तो धनलक्ष्मीकडं.

गाडी तिच्या नावावर झाली. ट्रकवरून भवानी पेठेत आली तेव्हा शेजारच्या चादरींच्या कारखान्यातली माणसं माग बंद करून बघायला बाहेर आली. गोदामात तिला जागा हवी म्हणून टॉवेलचे गठ्ठे माझ्या झोपायच्या खोलीत आले आणि मी त्यांच्यात जिथं मावतो तिथं झोपतो. दुकान उघडायच्या आधी आणि बंद झाल्यावर धनलक्ष्मी आणि रज्जाक गाडीखाली असतात. बाहेर दोघांचे फक्त पाय दिसतात, आणि आतून 'तेरा नंबरचा पाना द्या' अशी हाक आली की तो मी द्यायचा असतो. मी बहुधा अकराचा देतो. म्हणून आता मला पान्यांपासून हलवून पॉलिश पेपरवर घेतलंय. गंज घासणे, बंपर चमकवणे, विचारल्याशिवाय न बोलणे, अशी माझी नेमणूक आहे. छंद म्हणावा तो हाच ना, शिवानंदराव?

गेल्या आठवड्यात इंजिन सुरू झालं. आधी एक ढेकर, मग खोकला, मग काळ्या धुराचा असा लोट की समोरच्या किराणावाल्यानं दुकानातली लसूण झाकून घेतली. आणि मग ते टकटक, टकटक करत चालूच राहिलं. धनलक्ष्मीनं लगेच आपांना फोन लावला आणि फोन इंजिनाजवळ धरला.  पलीकडून आपा एवढंच म्हणाल्या, "बंद नको करू, ऐकू दे." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. धूर फार होता.

असो. तुमच्या एका फोटोमुळं माझं घर, गोदाम, झोप, चप्पल आणि बायकोविषयीची माहिती यांची काय दशा झाली ते कळावं म्हणून एवढं लिहिलं. ताबीशनं माझ्या जलप्रवेशाचं रील टाकलं आहे, ते तुम्ही पाहिलंत आणि नातेपुत्यात वाटलंत, हेही मला कळलं आहे. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, तुम्हाला दोन्हीपैकी काही नाही.

आपला, आजवर तरी साडू,
मृत्युंजय

ता. क. खरं काम लिहायचं राहिलंच. मे महिन्यात आपांना घेऊन जुन्या गावाच्या रस्त्यावर जायचं ठरलंय. गाडीत चारच माणसं बसतात. चालवणार धनलक्ष्मी, शेजारी आपा, मागं रज्जाक, कारण गाडी बंद पडली तर कुणीतरी 'होतंय की' म्हणायला हवं. चौथी जागा तिनं महेश्वरीला देऊ केलीय, असं माझ्या कानावर आलंय. मी आमच्या गाडीतून पाण्याचा कॅन घेऊन मागून यायचं म्हणे. तुम्हाला हात जोडून विनंती, त्या दिवशी महेश्वरीला दुसरं काहीतरी काम काढा. कुणाचं लग्न, कुणाचं बारसं, तुमची दाढदुखी, काहीही चालेल. मी गाडीत बसायला उतावीळ झालोय असं मुळीच समजू नका. मला फक्त तो रस्ता बघायचाय.

ता. क. दुसरा. वरचा ता. क. वाचून झाल्यावर फाडून टाका. उत्तर दुकानाच्या पत्त्यावर.

भावजी, नमस्कार. पाकीट चिकटवायला यांनी माझ्याकडंच दिलं. तुमची दाढ दुखवून घेऊ नका. महेश्वरीला मी मागंच विचारलं होतं, तिला गाडी लागते म्हणून ती येत नाही म्हणाली. जागा यांचीच आहे. पण एवढ्यात सांगू नका, मागचा बंपर अजून घासायचा राहिलाय.

— धनलक्ष्मी